रक्त देण्याआधी

"सकाळी रक्त द्यायला चालत आला होतात का?" असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी "हो की" म्हणालो. घडलं ते एवढंच. विचारताना ते माझ्याकडे बघतही नव्हते, समोरच्या कागदाकडे बघत होते. शेजारच्या खुर्चीवर सिद्धेश्वरी, माझी बायको, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. पांढऱ्या पेशींचा आकडा मागच्या तपासणीपेक्षा जवळजवळ दुप्पट झालाय, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मग हा प्रश्न आला. मी सोलापूरच्या नवी पेठेत साडीच्या दुकानात उभी हयात काढली. बाई विचारते, रंग जाणार नाही ना? आपण म्हणतो, छे हो, कुठला जातोय. रंग जातो की राहतो याचा त्या उत्तराशी काही संबंध नसतो. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते त्याच्या आवाजातच कळतं आणि हात साडीची घडी मोडत असताना तोंड ते देऊन मोकळं होतं. दुकानाच्या मालकांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की गिऱ्हाइकाला नाही हा शब्द ऐकवायचा नाही. डॉक्टरांच्या आवाजात त्या दिवशी 'हो' मागितल्यासारखं होतं. मी दिलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते चक्क हसले. म्हणाले, "मग थांबा. व्यायाम करून लगेच रक्त दिलं की या पेशी जास्त दिसतात. एरवी त्या रक्तवाहिन्यांच्या कडेला बसून असतात, अंग हललं की रक्तात उतरतात, थोड्या वेळानं परत जातात. तेवढ्यानंच आकडा वाढलाय असं मी म्हणत नाही. पण पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. त्या दिवशी रिक्षानं या, अर्धा तास शांत बसा, मग रक्त द्या. तोवर जरा दमानं घ्या. तेव्हाही आकडा एवढाच आला तर मात्र औषध सुरू करावं लागेल, मग थांबता येणार नाही." यातलं शेवटचं वाक्य सिद्धेश्वरीनं ऐकलंच नाही असं मला वाटतं. तिच्या बोटावरचा पदर सुटला होता. बाहेर आल्यावर तिनं भर व्हरांड्यात माझ्या पाठीवर एक हलका धपका मारला, लग्नाला इतकी वर्षं झाली पण चारचौघांत तिनं मला कधी हात लावला नव्हता, आणि म्हणाली, "री, चालून चालून घोळ केलाव की तुमी." तिचं माहेर अक्कलकोटकडचं, मला ती हाक मारते ती कानडीतली, 'री' एवढीच. मी हसलो. पण त्या सकाळी मी चालत गेलोच नव्हतो.

निघालो होतो चालतच. बाळीवेशीतल्या घरून सात रस्त्यापर्यंत, दवाखान्यातल्या व्यायामाच्या वर्गाला आम्ही दोघं नेहमी चालत जायचो. त्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून मी एकटाच सकाळी बाहेर पडलो. चाटी गल्ली गेली, नवी पेठ लागली. दुकानांची शटरं अजून खाली होती, रस्ता नुकता झाडलेला होता आणि मला एकाएकी वाटलं की पाय माझे नाहीत. दुखत नव्हते, थरथरत नव्हते, फक्त माझे नव्हते. छातीत हवा जात होती पण पुरत नव्हती. मी ज्या पायरीवर बसलो ती आमच्याच दुकानाची होती हे मला बसल्यावर कळलं. आयुष्यभर त्या पायरीवरून मी लोकांना "या, या, आत या" म्हणत आलो, कधी तिच्यावर बसलो नव्हतो. तिथून रिक्षा केली. दवाखान्यात गर्दी होती, पंख्याखाली बाकावर मी इतका वेळ बसलो की डुलकी लागली. माझं नाव दोनदा पुकारावं लागलं. त्या दिवशी माझ्याइतकं निवांत रक्त सबंध सोलापुरात कुणी दिलं नसेल. म्हणजे तो आकडा खरा होता. आणि हे एकट्या मलाच माहीत होतं.

हा आजार मला सापडला तोच मुळी चुकून. मोतीबिंदू काढायचा म्हणून रक्त तपासलं आणि डोळ्याचं राहिलं बाजूला. रक्ताचा कर्करोग, पण सावकाश वाढणारा. लगेच औषध द्यायचं नसतं, लक्ष ठेवायचं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मुळापासून जात नाही, पण त्याच्यासोबत वर्षानुवर्षं जगता येतं, असंही म्हणाले. 'कर्करोग' ऐकून सिद्धेश्वरीनं डोळे मिटून घेतले होते, 'सावकाश' ऐकल्यावर उघडले. तेव्हापासून ती त्या एका शब्दाला धरून आहे. मला त्या शब्दाचा राग येतो. भिंतीत ओल चढावी तसं काहीतरी आपल्या आत चढत असताना रोज सकाळी उठून दात घासायचे, पेपर वाचायचा, शेंगदाण्याची चटणी तिखट झालीय म्हणून कुरकुर करायची. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे असं म्हणायलाही तोंड नाही, कारण काही होतच नसतं. लोक भेटतात, म्हणतात, तब्येत मस्त दिसते की अण्णा. मी म्हणतो, तुमच्या आशीर्वादानं. खरं म्हणजे त्यांच्या कॉलरला धरून विचारावंसं वाटतं की कुठून मस्त दिसते, नीट बघा जरा.

आमच्यासारख्या लक्ष ठेवलेल्या लोकांसाठी दवाखान्यात वरच्या मजल्यावर व्यायामाचा वर्ग आहे. तिथं अर्शी मॅडम शिकवतात. माझ्या लेकीपेक्षाही लहान आहेत, डोक्याला रुमाल, पायात पांढरे बूट, आणि शिस्त एखाद्या हवालदारासारखी. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. भिंतीला तळवे लावून टाचा उचलायच्या. रबरी पट्टा पायाखाली धरून दोन्ही हातांनी वर ओढायचा. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. म्हातारी माणसं ओळीनं बसून रबर ओढतायत आणि प्रत्येकाच्या रक्तात तेच, पण कुणी त्याचं नाव काढत नाही, सगळे गुडघ्यांबद्दल बोलतात. माझ्या शेजारी इलाहीबक्ष असायचा. ट्रक चालवून दमलेला माणूस, खांदे अजून स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे आलेले. त्यानं एकदा सरळ विचारलं, "मॅडम, ये कसरत से वो कम होता क्या?" अर्शी मॅडम पट्टा गुंडाळत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "नाही चाचा. आजार यानं कमी होत नाही. थकवा कमी होतो, अंगात ताकद राहते, पुढं औषध घ्यायची वेळ आली तर शरीर तयार असतं. खोटं कशाला सांगू?" इलाहीबक्षनं मान हलवली आणि परत पट्टा ओढायला लागला. मला त्या पोरीचा भयंकर हेवा वाटला. असं सरळ नाही म्हणून टाकायचं आणि समोरचा माणूस उठून जात नाही, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सिद्धेश्वरी त्या दिवशी बाहेर बाकावर होती. वर्गात बायकोला आत बसायला मनाई नव्हती, पण तिला पुरुष माणसं कसरत करताना बघायला लाज वाटायची. घरी येताना तिनं विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? मी म्हणालो, चांगलं चाललंय म्हणाल्या. त्यावर तिनं काय इमला चढवला असेल ते तिचं तिला ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे पूजा झाली की ती मला पलंगावरून उठवायची. तुरीच्या डाळीच्या पिशव्या भरून तिनं वजनं केली. मी हात वर करायचो तेव्हा तीही समोर उभी राहून करायची, गळ्यातलं इष्टलिंग पदराआड सावरत, आणि माझा हात अर्ध्यात थांबला की डोळे वटारायची. तिच्यासाठी ते व्रत झालं होतं. व्रत मोडलं नाही तर देवाला द्यावंच लागतं, असं तिचं साधं गणित. मी ते मोडलं नाही. पाऊस असो, ऊन असो, अंगात कसर असो, मी डाळ उचलत राहिलो, आणि आत ते आपलं सावकाश चढत राहिलं. अलीकडे तितकं सावकाशही नाही. रात्री बनियन पिळावं इतका घाम येतो. डॉक्टरांनी तेही विचारलं होतं. मी म्हणालो, सोलापुरात घाम कुणाला येत नाही साहेब? ते हसले. मीही हसलो. असा मी.

मग ते पंधरा दिवस सुरू झाले. डॉक्टर 'जरा दमानं' म्हणाले होते, सिद्धेश्वरीनं त्याचं कडक पथ्य केलं. डाळीच्या पिशव्या सोडून डाळ डब्यात गेली. मला पाण्याचा तांब्या उचलू देईना. आंघोळीची बादली ती आणून ठेवायची. दारापर्यंत पेपर आणायला गेलो तर स्वयंपाकघरातून ओरडायची, "री, पेशी हलतील की." घरात तो शब्द असा रुळला होता, जणू त्या पेशी म्हणजे माळ्यावर झोपलेली मांजरं. तिनं सोमवारी हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, केली, शेजारीपाजारी वाटली, आणि कशाची म्हणून विचारलं तर नुसती हसली. बार्शीला दिपालीला, आमच्या लेकीला, रोज फोन. "काय न्हाई गं, व्यायाम जास्ती झाला बाबांचा. डॉक्टर सुदिक हसले. आता नीट येतं बग." मी पलंगावर पडून ते ऐकायचो आणि छताकडे बघायचो. पडून राहिल्यानं बरं वाटेल अशी एक वेडी आशा मलाही दोन-तीन दिवस होती, खोटं कशाला बोला. आपण चालत गेलो होतो असं आपल्यालाच पटवता येतं का, ते मी बघितलं. डोळे मिटून नवी पेठ ओलांडली. शटरं, झाडलेला रस्ता, पुढं पार्क चौक, तिथून डाव्या हातानं. पण पायरीपाशी आलं की पुढे काही दिसायचं नाही. तिथं पायरीच होती आणि तिच्यावर बसलेला मी.

एका दुपारी ठरवलं की सांगून टाकायचं. ती पलंगाच्या कडेला बसून माझ्या पायांना तेल लावत होती, पडून पडून पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते म्हणून. मी म्हणालो, "अगं, त्या दिवशी मी रक्त द्यायला गेलो ना…" तिला वाटलं मी भ्यायलोय. तिनं हात थांबवला नाही, मान खालीच ठेवून बोलायला लागली. "त्या दिवशी आकडा दुप्पट झालाय म्हनले ना डॉक्टर, तवा मी काय केले म्हाईत हाय का तुमाला? तितंच बसल्या बसल्या मनात सगळं उरकून टाकले. दिपालीकडं कुठल्या खोलीत झोपायचं, देव कुठं मांडायचे, हितलं घर बंद ठेवायचं का भाड्यानं द्यायचं. तुमी शेजारी बसलाव आन मी हिकडं तुमाला पोचवून आले. मग डॉक्टर हसले. माझी मलाच लई लाज वाटली हो. इतकी कशी मी दगडाची? आता न्हाई तसा इचार करायची मी. कदीच न्हाई." तेल पायांवरून तिच्या मनगटावर ओघळत होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "दगडाची कशी असशील तू?" ती म्हणाली, "काय सांगत होताव?" मी म्हणालो, "काही नाही, त्या दिवशी गर्दी लई होती म्हणत होतो."

वर्गाला दिसलो नाही म्हणून इलाहीबक्ष घरी आला. सिद्धेश्वरी चहा टाकायला आत गेली तेव्हा मी त्याला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "डॉक्टर को बोल देना था भाई. दम लगता, पसीना आता, सब बोल देना. उस में क्या शरम?" मी म्हणालो, डॉक्टरची शरम नाही. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "मेरी बीवी, सरदारबी, रोज पूछती, कैसा है. मैं रोज बोलता, एकदम अच्छा. उसको मालूम मैं झूट बोलता. मेरे को मालूम कि उसको मालूम. चल रहा है. तेरे घर में वैसा नहीं है, तेरी वाली सच मान लेती." चहा आला. तो बशीत ओतून पीत राहिला. जाताना त्यानं माझा खांदा दाबला, तेवढ्यानं मला रडू आलं, पण ती दारातच उभी होती.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी तिनं मला हाताला धरून रिक्षात बसवलं. नेसली होती ती मोरपंखी साडी मीच दुकानातून आणलेली, मुलीच्या लग्नानंतर ती तिनं नेसलेली मला आठवत नाही. रिक्षावाल्याला ती सारखी, "सावकाश, खड्डं चुकवा की" म्हणत होती. नवी पेठ मागे पडली. दुकानाकडे मी बघितलं नाही. दवाखान्यात खालच्या मजल्यावर रक्त घेतात. तिनं पंख्याखालची जागा पकडली, घरून आणलेली उशी माझ्या पाठीशी ठेवली आणि घड्याळाकडे बघत बसली. मीही बसलो. आणि बसल्या बसल्या मला पुढचं सगळं स्पष्ट दिसलं. आता हे रक्त घेतील. आकडा दुप्पटच असेल, नाहीतर त्याहून वर. संध्याकाळी डॉक्टर कागदाकडे बघतील, यावेळी विचारायला त्यांच्याकडे काही उरलेलं नसेल. ती मोरपंखी पदराचं टोक बोटाला गुंडाळील आणि तिथंच बसून पुन्हा मला पोचवायला लागेल, आणि वर स्वतःला दगड म्हणवून घेईल. मला औषधाची भीती नव्हती. मरणाचीसुद्धा त्या क्षणी नव्हती. तिचं ते बोट मला बघवणार नव्हतं. उद्या बघायचं ते उद्या, पण आज नको, आणखी एक पंधरवडा तरी नको.

मी म्हणालो, "जरा लघवीला जाऊन येतो." ती म्हणाली, "हळू जावा." व्हरांड्याच्या टोकाला मोरी आहे आणि तिच्या शेजारूनच वर्गाला जायचा जिना आहे. मी जिना चढायला लागलो. पहिल्या वळणावरच धाप लागली. मी कठडा धरला, ओठ आवळून श्वास सोडला आणि पुन्हा चढलो. वरून अर्शी मॅडमचा आवाज येत होता, "टाचा वर, खाली, वर." मी खाली आलो आणि परत वर गेलो. कडेला बसलेल्या त्या पेशींना मी मनातल्या मनात हाका मारत होतो, नवी पेठेतल्या पायरीवरून मारायचो तशाच, या, या, सगळ्या या. आता डॉक्टरांनी आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या की मी कबूल करणार होतो, चुकलं साहेब, मॅडमना भेटायला म्हणून जिना चढलो, ध्यानातच राहिलं नाही. आणि यावेळी जिना चढलो एवढं तरी खरं असणार होतं. सिद्धेश्वरी माझ्यावर चिडेल, खूप चिडेल, पण रिक्षात परत हसेल. पुन्हा हुग्गी करील. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तरी मी आणखी एकदा वर गेलो. खाली उतरताना भिंत धरावी लागली. माझं नाव पुकारत होते.

रक्त घेणाऱ्या मुलीनं माझा हात उशीवर ठेवून दंडाला रबर आवळलं. सिद्धेश्वरी माझ्या मागे उभी होती, तिनं पदरानं माझ्या मानेवरचा घाम टिपला आणि मी काही बोलायच्या आत, मोठ्या अभिमानानं, त्या मुलीला सांगायला लागली, "ते कागदावर लिवा मॅडम, पूर्ण आराम करून रक्त दिलेत म्हनून. डॉक्टरांनी सांगितलं होतं. पंधरा दिवस पलंगावरनं उतरू दिले न्हाई मी यांना. आज बी रिक्षानं आलोय, मगापासनं हितंच बसून हाईत, कुटं हलले सुदिक न्हाईत. आज खरा आकडा येतो बगा." मुलीनं मान डोलावली आणि तसं लिहून घेतलं. मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की थांबा, हे खरं नाही, मी आत्ता जिना चढून आलोय, खोडा ते. पण छातीत एका शब्दापुरतीही हवा नव्हती. "बोलू नगा, हात हलंल," सिद्धेश्वरी म्हणाली, आणि तिनं माझा खांदा धरून ठेवला. सुई आत गेली. नळी भरत होती आणि ती माझ्या खांद्यावरून वाकून, हसऱ्या चेहऱ्यानं, माझं रक्त बघत होती.